पोरीचा दाखला काढू नकोस

काल रात्री धाकट्या जावेचा फोन आला, आवाज रडवेला. "ताई, पोरीचा दाखला काढून घेऊ का?" तिला व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता: एनसीईआरटीच्या (शाळेची पुस्तकं तयार करणारी केंद्राची संस्था) आदेशानुसार जूनपासून शाळा आईवडिलांना न विचारता मुलांना लिंगबदलाच्या गोळ्या देणार, मुलामुलींची स्वच्छतागृहं एक करणार आणि विरोध करणाऱ्यांचं मूल काढून घेणार. हाच मेसेज मलाही दोनदा आलाय. 28 वर्षं शिकवलंय मी, आता गप्प बसवत नाही.

गोळ्यांचं आधी. अहो, तापाची गोळी द्यायची तरी आम्ही घरी फोन लावायचो! आणि तो आदेश नव्हताच. एनसीईआरटीनं 2021 साली शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ट्रान्सजेंडर मुलांविषयी एक पुस्तिका काढली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं हरकत घेतली आणि त्याच नोव्हेंबरात ती संकेतस्थळावरून गेलीसुद्धा. वयात येणं लांबवणाऱ्या औषधांचा उल्लेख तीत होता, हे कबूल. नसता तरी चाललं असतं. पण उल्लेख म्हणजे वाटप नव्हे.

मूल काढून घेणार, हे तर धादांत खोटं. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीचा 2019 चा कायदा काढून बघा. कलम 12 म्हणतं, ट्रान्सजेंडर आहे म्हणून मुलाला आईवडिलांपासून तोडता येणार नाही. मुलाच्या हितासाठी न्यायालयाचा आदेश असेल तरच. ट्रान्सजेंडर म्हणून ओळखीच्या प्रमाणपत्राचा अर्जही, मूल अठरा वर्षांखालचं असेल तर, पालकांनीच करायचा. ते कलम 5.

स्वच्छतागृहांचं म्हणाल, तर अशा मुलांची सोय करा म्हणणं म्हणजे मुलींचं बंद करा म्हणणं नाही. आणि पालकांना अंधारात ठेवायचं असतं, तर मद्रास उच्च न्यायालयानं जून 2021 च्या निकालात पालक-शिक्षक सभांमधून पालकांशी या विषयावर बोला, असं कशाला सुचवलं असतं?

मला खरी भीती वाटते ती मेसेजच्या शेवटच्या ओळीची: "असं मूल दिसलं की शाळेनं ताबडतोब घरी कळवावं."

मी कळवलं होतं. नववीतला मुलगा. सकाळी भरून आणलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच घरी न्यायचा. शिपाईमामांनी सांगितलं तेव्हा कळलं, मुतारीत पोरं "बायल्या" म्हणून त्याची पँट ओढायची, म्हणून तो पाणीच पीत नव्हता. मी त्याला एका शब्दानं न विचारता वडिलांना बोलावलं आणि सगळं सांगितलं, पोरं काय म्हणतात तेही. दुसऱ्या दिवशी तो स्वेटर घालून आला. मार्च महिन्यात. बाही वर केली तेव्हा दंडावर पट्ट्याचे वळ होते. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही.

जावेला म्हटलं, दाखला राहू दे. शनिवारी पालकसभा आहे ना, तिथं जा आणि बाईंना विचार, मुलांच्या स्वच्छतागृहाच्या दारांना आतून कडी आहे का.