डी-मॅनोज घ्या, पण गोळ्या बंद करू नका

सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज आमच्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बाजूला ठेवून ताप अंगावर काढला. मेसेज असा: लघवीला जळजळ होत असेल तर अँटिबायोटिक बंद करा; डी-मॅनोज ही झाडांपासून मिळणारी साखर जंतू धुऊन काढते; प्रयोगशाळेत सिद्ध झालंय; पुन्हा त्रास होत नाही; नैसर्गिक, म्हणून अपाय नाही.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते. ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ यात अर्धं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. काचपट्टीवर यीस्ट आणि ई. कोलाय (लघवीच्या संसर्गात बहुधा सापडणारा जंतू) एकत्र हलवले की गुठळ्या दिसतात, कारण या जंतूचे तंतू यीस्टच्या भिंतीतलं मॅनोज पकडतात. त्यात डी-मॅनोज घातलं की पकड सुटते, गुठळ्या होत नाहीत. पण जंतू मरत नाहीत! ई. कोलाय ही साखर चक्क खातो.

‘अँटिबायोटिक बंद करा’ हे वाचून मात्र संताप येतो. मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या ई. कोलायकडे बहुधा दुसऱ्या प्रकारचे तंतू असतात, पी-फिंब्री. ते मॅनोज धरतच नाहीत, वेगळी साखर धरतात. काचपट्टीवर कितीही मॅनोज ओता, त्यांची पकड सुटत नाही. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या सुरू झाल्या की संसर्ग मूत्रपिंडात गेल्याची शंका घ्यायची असते. तिथून जंतू रक्तात गेले तर जिवावर बेततं. अशा माणसाला गोळ्या थांबवायला सांगणारे तुम्ही कोण?

‘पुन्हा होत नाही’? क्रोएशियातल्या 2014 च्या एका अभ्यासात फायदा दिसला होता, पण त्यात प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेलं औषध नसलेलं खोटं औषध, नव्हता. 2024 मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनची मोठी चाचणी आली. वारंवार संसर्ग होणाऱ्या 598 बायका, रोज 2 ग्रॅम पावडर, सहा महिने. मॅनोज घेणाऱ्यांपैकी 51 टक्के पुन्हा संसर्गाच्या तक्रारीने डॉक्टरांकडे गेल्या, प्लासिबोवाल्यांपैकी 55.7 टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून फायदा सिद्ध झाला नाही.

नैसर्गिक म्हणाल तर जास्त घेतल्यास जुलाब होतात. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

अँटिबायोटिकचा अतिरेक होतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे पहिली गोळी घेण्याआधी लघवी कल्चरला देणं. कोणता जंतू आहे आणि कुठलं औषध चालेल, हे त्या रिपोर्टमध्ये कळतं. ताप असेल तर मात्र रिपोर्टची वाट बघत बसू नका. नमुना द्या आणि डॉक्टर सांगतील ते औषध लगेच सुरू करा.