गाय पंजाबची, गोठा मात्र आपला

पशुपालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: दूध रक्तात असतं, पंजाबची दिवसाला 25 लिटरची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, विदेशी जातीची गाय) आणा, चारा कुठलाही चालतो, देशी गाय जातीनेच कमी दुधाची, आणि नामी वळूची कांडी (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य) भरली की कालवड आईला मागे टाकणारच.

"दूध रक्तात असतं." अर्धंच खरं. दूध उत्पादनाची आनुवंशिकता साधारण 25 ते 35 टक्के धरतात. म्हणजे 20 लिटरमधले सहा रक्ताचे आणि चौदा पेंडीचे, असं नव्हे. एकाच कळपात एक गाय 12 लिटरवर आणि दुसरी 18 वर असेल, तर अशा फरकांतला पाव ते तिसरा हिस्सा वंशातून येतो. बाकीचा चारा, पाणी, ऊन, आजार, वेत यांतून. फॅट मात्र वंशाशी जास्त बांधलेली. एचएफला कितीही सरकी घाला, जर्सी गाईची फॅट लागणार नाही.

"चारा कुठलाही चालतो." पैसे बुडतात ते इथे. पंजाबात ती गाय बरसीमचा हिरवा चारा, मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) आणि मोजून खुराक खात होती. आपण उन्हाळ्यात तिच्यापुढे उसाचं वाढं टाकतो. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि दुभत्या गाईला नेमकं तेच जास्त लागतं. उन्हाळा पंजाबातही कडक असतो, पण तिथले मोठे गोठेवाले पंखे आणि पाणी फवारणारे फॉगर लावतात. एचएफला 25 अंशांपर्यंतच सुख. सोलापूरकडे मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेली गाय भर दुपारी बघा: मान ताणलेली, तोंड उघडं, लाळ गळतेय, रवंथ थांबलेलं, गव्हाणीतला चारा तसाच. फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगांत तर असं दिसलं की भाकड काळात (व्यायच्या आधी दूध बंद असताना) गाभण गाईला उन्हाचा ताण बसला, तर पुढच्या वेताचं दूध घटतंच, शिवाय पोटातली कालवड मोठी होऊन व्याल्यावर तिचंही घटतं.

"देशी गाय जातीनेच कमी." मग ब्राझीलची भरपूर दूध देणारी गीर गाय कुठून आली? आपल्याकडूनच नेलेली. तिथे 1985 पासून वळूची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून पद्धतशीर केली जाते. आपल्या बहुतेक गोठ्यांत दुधाची वहीच नाही, मग निवड कशावरून करणार? (देशीवाल्यांनीही फार खूश होऊ नये. ब्राझीलचं बरंचसं दूध गीर-होल्स्टिन संकराचं, गिरोलांडोचं आहे.)

"कालवड आईला मागे टाकणारच." वळूचा वाटा निम्मा, आणि त्याच्या गुणांतला कुठला निम्मा उतरेल हे कुणाच्या हातात नाही. कांडीच्या कॅटलॉगमधला आकडा अनेक मुलींच्या सरासरीवरून काढलेला असतो, तुमच्या कालवडीची हमी नव्हे. तरी चांगल्या कांडीला पैसे घाला, यात मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही. खुराक तोडला की त्याचं दूध गेलं. वंशातली सुधारणा पुढच्या पिढीत जाते.

राहता राहिले ते 25 लिटर. व्याल्यावर दीड-दोन महिन्यांनी गाय भरात असते, मग दूध उतरत जातं. व्यापारी दाखवतो तो बहुधा भरातला आकडा. सौदा करण्याआधी दोन्ही वेळच्या धारा समोर काढून घ्या. वेत कितवं, व्यायला किती दिवस झाले आणि रोज काय खाते, हे विचारा.