पहिल्या पगाराचा आकडा आधी कोणी सांगायचा?

नोकरीच्या ऑनलाइन अर्जात ‘अपेक्षित पगार’ नावाचा एक रकाना असतो. त्याच्यापुढे लाल चांदणीची खूण असते आणि तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. नुकतीच पदवी हाती आलेल्या मुलामुलींना हा रकाना भरायला लावणे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते. त्या पदासाठी किती रकमेची तरतूद आहे आणि मागच्या वर्षी त्याच कामाला किती पगार दिला गेला, हे ज्याला ठाऊक असते तो प्रश्न विचारतो, आणि ज्याला यातले काहीच माहीत नसते त्याने उत्तर द्यायचे असते. आकडा कमी सांगितला तर तेवढ्यावरच बोळवण होते आणि जास्त सांगितला तर पुढचा फोन येत नाही. म्हणूनच कित्येक जण ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ असे लिहून मोकळे होतात, आणि जिथे फक्त अंकच चालतात तिथे शून्य टाकतात.

नव्या पदवीधरांच्या अपेक्षा अवास्तव असतात, अशी तक्रार भरती करणारे नेहमी करतात. तक्रारीत तथ्य आहे, पण या अपेक्षा तयार कुठे होतात तेही पाहायला हवे. शिक्षणसंस्था प्रवेशाच्या जाहिरातीत ‘सर्वाधिक पॅकेज’ ठळक अक्षरांत छापतात. तो आकडा एका विद्यार्थ्याचा असतो, पुष्कळदा परदेशातल्या पदाचा असतो, आणि त्यात एकदाच मिळणारा बोनस व काही वर्षांनी हाती येणारे शेअरही धरलेले असतात. वर्गातल्या सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने मांडले तर नेमका मधोमध कोणता आकडा येतो, आणि किती जणांना काहीच मिळाले नाही, या दोन गोष्टी छापल्या तर निम्म्या अवास्तव अपेक्षा तिथल्या तिथे जमिनीवर येतील.

विद्यार्थी मला ऑफर लेटर दाखवतात तेव्हा मी पहिले पान उलटून थेट शेवटच्या तक्त्याकडे जातो. भारतातल्या पत्रात तिथे मूळ वेतन, घरभाडे भत्ता, विशेष भत्ता, कामगिरीवर अवलंबून असलेला हिस्सा, भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कधीकधी विम्याचा हप्ताही एकाखाली एक मांडलेला असतो. या सगळ्यांची बेरीज म्हणजे पहिल्या पानावरचे सीटीसी, अर्थात कर्मचाऱ्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. यातली ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे सलग ५ वर्षे नोकरी केल्यावर मिळते, म्हणजे दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याच्या दृष्टीने ती रक्कम कागदावरच राहते. कामगिरीचा हिस्सा पूर्ण मिळेलच याची हमी नसते. सीटीसीला बाराने भागून महिन्याचा हिशेब मांडणाऱ्याला पहिल्याच पगाराच्या दिवशी धक्का बसतो तो यामुळे.

परदेशातल्या पगाराबाबत तर गफलत आणखी मोठी होते, कारण लोक आकड्याला विनिमय दराने गुणतात आणि तिथेच थांबतात. जर्मनीत निवृत्तिवेतन विम्याचा १८.६ टक्के हप्ता कर्मचारी आणि मालक निम्मा-निम्मा भरतात. आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा विमा धरून कर्मचाऱ्याच्या पगारातून साधारण पाचवा हिस्सा जातो, आणि प्राप्तिकर त्याशिवाय द्यावा लागतो. अविवाहित नवपदवीधराच्या हातात एकूण पगाराचा जेमतेम दोनतृतीयांश भाग येतो. उलट संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही, मात्र नोकरी सोडताना मिळणारी रक्कम पहिल्या ५ वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाच्या हिशेबाने ठरते, त्यामुळे मूळ वेतन तुटपुंजे आणि भत्ते भरघोस असे पत्र तिथे तोट्याचे ठरते. सिंगापूरचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथल्या तरुण नागरिकाच्या पगारातून २० टक्के रक्कम केंद्रीय भविष्य निर्वाह निधीत जाते आणि मालक १७ टक्क्यांची भर घालतो, तर त्याच्या शेजारी बसणाऱ्या, एम्प्लॉयमेंट पास या कामाच्या परवान्यावर आलेल्या परदेशी सहकाऱ्याला हा निधी लागूच नसतो. दोघांच्या पत्रांवर एकच आकडा असला, तरी दोघांचे पगार वेगळे आहेत.

परदेशात अपेक्षेला कायद्याची खालची मर्यादाही असते. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसासाठी सर्वसाधारण किमान वार्षिक पगार ४१,७०० पौंड आणि नवोदितांसाठी ३३,४०० पौंड झाला; शिवाय त्या-त्या कामाचा ठरवून दिलेला दरही पाळावा लागतो. ‘काही कमी दिले तरी चालेल’ हे नम्र उत्तर तिथे नोकरीच हातची घालवू शकते.

पहिला पगार कमी मिळाला म्हणजे आयुष्यभराचे नुकसान झाले, असे मात्र कोणी समजू नये. ऑरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइस यांनी कॅनडातल्या पदवीधरांचा अभ्यास करून २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दिसले, की मंदीत पदवी मिळालेल्यांची सुरुवातीची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहते आणि ही तफावत साधारण १० वर्षांत भरून निघते. ती भरून काढण्यात अधिक पगार देणाऱ्या कंपन्यांकडे वळण्याचा वाटा मोठा असतो. दहा वर्षे हा काळ लहान नाही, हेही खरेच. म्हणून घरच्यांनी शेजारच्या मुलाच्या पॅकेजशी तुलना करण्यापेक्षा, पहिल्या दोन वर्षांत कोणते काम शिकायला मिळणार आहे आणि त्या कामाला बाहेर मागणी आहे का, याची चौकशी करावी.

मूळ प्रश्नावरचा उपाय काही ठिकाणी कायद्याने सुरू झाला आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून आणि न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची कक्षा, म्हणजे किमान आणि कमाल आकडा, देणे बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार सुरुवातीचा पगार किंवा त्याची कक्षा उमेदवाराला आधीच कळवावी लागते आणि त्याचा पूर्वीचा पगार विचारता येत नाही. त्यासाठी सदस्य देशांना ७ जून २०२६ ही मुदत घालून देण्यात आली. असा नियम आपल्याकडेही व्हावा, असे मला मनापासून वाटते.

तोपर्यंत फोनवर ‘तुमची अपेक्षा काय?’ असे विचारले गेले, तर ‘या पदासाठी आपण कोणती कक्षा ठरवली आहे, त्यातले मूळ वेतन किती आणि कपात होऊन दरमहा हातात किती येईल, हे कळल्यास मला नीट उत्तर देता येईल’ असे शांतपणे म्हणावे. मी विद्यार्थ्यांना हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहायला सांगतो, कारण बहुतेकांचा आवाज ‘मूळ वेतन’ या शब्दांपाशी आल्यावर खाली जातो.