अदिती अशोकने पाचवीत शाळा सोडली म्हणे! साफ खोटं आहे

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. गोल्फर अदिती अशोक गरीब कॅडीची (म्हणजे मैदानावर खेळाडूची बॅग उचलणाऱ्याची) पोरगी, पाचवीत शाळा सोडली, रोज 12 तास सराव केला आणि 18व्या वर्षी ऑलिम्पिक पदक आणलं, तेव्हा पोरांना पुस्तकांतून मोकळं करा. हे आमच्या दाजींपर्यंत पोचलं. भाची आठवीत आहे, टेनिस चांगली खेळते, आणि आता घरात बोलणं चाललंय की शाळा बंद करू, दहावीला 17 नंबरचा फॉर्म भरू. म्हणून लिहितोय.

शाळेचं आधी, कारण नुकसान तिथंच होणार आहे. अदिती बंगळुरूच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलमध्ये शिकली आणि 2016 साली बारावी होऊनच बाहेर पडली. डिसेंबर 2015 मध्ये, 17 वर्षांची असताना, तिनं मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरची, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेची, पात्रता स्पर्धा जिंकली, ती जिंकणारी सगळ्यात लहान खेळाडू आणि पहिली भारतीय. ही स्पर्धा म्हणजे टूरवर खेळायचं कार्ड मिळवायची परीक्षाच. 1 जानेवारी 2016 ला ती प्रो, म्हणजे व्यावसायिक खेळाडू झाली आणि त्यानंतर बारावीची बोर्डाची परीक्षा दिली. प्रो झालेली पोरगी बोर्डाला बसते, आणि तिचंच नाव घेऊन तुम्ही आठवीतल्या लेकराची शाळा सोडवताय? तिच्या करिअरच्या तारखा लेडीज युरोपियन टूरच्या साइटवर आहेत, फॉरवर्ड करायच्या आधी कुणी बघितलं का?

कॅडीचं थोडं खरं आहे, तेवढं मान्य करतो. रिओ ऑलिम्पिकला तिची बॅग वडिलांनीच उचलली होती, पण लेकीसाठी, तो काही त्यांचा धंदा नव्हता. घरात कुणीच गोल्फ खेळत नव्हतं. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानाजवळ नाश्त्याला जायचे, तिथला आरडाओरडा ऐकून पाच वर्षांच्या पोरीला खेळून बघावंसं वाटलं, सुरुवात ही अशी आहे. गरिबीतून वर आलेला गोल्फर हवाच असेल तर एस. एस. पी. चौरसियाचं नाव घ्या. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर, म्हणजे मैदानाचं गवत राखणारे, आणि पोरगा तिथंच बघून बघून शिकला, 2008 ला इंडियन मास्टर्स जिंकला. त्याची गोष्ट त्याच्याच नावाने सांगा ना, दुसरीच्या नावावर कशाला खपवता.

12 तासांचं तर हिशोबातच बसत नाही, शाळेत जाणारी मुलगी रोज तेवढा वेळ आणणार कुठून?

राहिलं पदक. रिओत पहिले दोन दिवस 68, 68 फटके असे झकास गेले (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं), नंतर 79 आणि 76, शेवटी संयुक्त 41वा नंबर. टोकियोत चौथी आली, एका फटक्यानं पदक गेलं. ऑलिम्पिक पदक तिच्याकडे नाही. आणि त्यानं ती छोटी होत नाही, 2016 च्या नोव्हेंबरात गुरगावला इंडियन ओपन जिंकून लेडीज युरोपियन टूरवर जिंकणारी पहिली भारतीय झाली, लगेच कतारची स्पर्धा मारली, त्या वर्षीची टूरची सर्वोत्तम नवोदित खेळाडू पण तीच.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढं ढकललाय त्यांनी त्याच ग्रुपवर तो खोटा असल्याचं टाका. आणि दाजी, दाखला काढायला शाळेत जायच्या आधी मला फोन करा, मी येतो घरी, भाचीला समोर बसवूनच बोलू.