भाच्याला भेट देताना पाळावयाची पथ्ये

आपल्या घरी पैसा बऱ्यापैकी खेळू लागला असेल आणि भावाच्या घरी मात्र अजून वाणसामानाची यादी दोनदा वाचून त्यातले दोन जिन्नस खोडले जात असतील, तर भाचरांना भेटी देताना काही पथ्ये अवश्य पाळावीत. यंदाच्या भाऊबीजेला आमच्याच घरी ती इतक्या काटेकोरपणे पाळली गेली की पुढील मार्गदर्शन पूर्णपणे अनुभवसिद्ध समजावे.

मुलाच्या आईवडिलांना आधी कधीही विचारू नये, कारण ते नको म्हणण्याची शक्यता असते.

भेट चारचौघांत द्यावी आणि मुहूर्त असा साधावा की यजमानाचे देणे नुकतेच आटोपलेले असेल. भावाने ओवाळणी म्हणून घातलेले ५०१ रुपयांचे पाकीट अजून तबकात सुपारीशेजारी पडलेले आहे आणि त्यावर चिकटवलेला रुपया निरांजनाच्या उजेडात चमकतो आहे, नेमक्या अशा वेळी पिशवीतून टॅबलेटचे खोके काढून भाच्याच्या हातात ठेवावे. भाचा किंचाळतो, आजीचे डोळे भरून येतात आणि भाऊ निरांजनातली वात सारखी करू लागतो. आमच्याकडे ती वात बराच वेळ सारखी होत होती.

किंमत मात्र उच्चारू नये. "काही नाही हो, सेलमध्ये मिळाला," एवढेच म्हणावे आणि ३२ हजारांचे बिल वॉरंटीसाठी म्हणून खोक्यातच राहू द्यावे.

कायद्याची धास्ती बाळगू नये. बाहेरच्या माणसांकडून वर्षभरात ५० हजारांहून अधिक भेटी मिळाल्या तर आयकर लागतो. आत्या, काका, मामा आणि मावशी यांच्या भेटींना तो लागत नाही. खुद्द सरकारने जिथे मर्यादा घातलेली नाही, तिथे भावजयीने कोण घालावी?

धाकट्या भाचीला चॉकलेट पुरते.

त्या घरातल्या आईवडिलांनीही मुलासाठी काही घेतले असेल, हा विचार तर मनातही आणू नये. आमचे झेरॉक्सचे दुकान आहे. गणपतीपासून गल्ल्यातून बाजूला काढलेल्या पैशांतून आम्ही ५,२०० रुपयांची सायकल घेतली, चार दिवस शेजाऱ्यांकडे लपवून ठेवली आणि पाडव्याला सकाळी दारात उभी केली. पोरगा दिवसभर गल्लीत फिरला, गुडघा फोडून घेतला आणि रात्री कुलपाची किल्ली उशाखाली घेऊन झोपला. दुसऱ्याच दिवशी दुपारी टॅबलेट आला. आज तीन आठवडे सायकल जिन्याखाली उभी आहे. सीटवरचे प्लास्टिकसुद्धा अजून निघालेले नाही. घरात वायफाय नसल्यामुळे टॅबलेटला बाबांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लागतो, त्या मोबाइलचा दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारच्या आत संपतो आणि मग गिऱ्हाइकांनी छापण्यासाठी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ उतरत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. रात्री टॅबलेट काढून घेतला की नववे वर्ष लागलेला मुलगा आईला विचारतो, "मी आत्याकडेच राहायला जाऊ का?" हा प्रश्न भेटीबरोबर फुकट मिळतो.

सरतेशेवटी, "तुम्ही परत काही देऊ नका हं," असे बजावून निघावे. सासूबाईंच्या कपाटात आहेराची वही आहे आणि कोणी किती घातले ते तिच्यात रुपयांनिशी लिहिलेले आहे, हे माहेरवाशिणीला ठाऊक नसते असे थोडेच आहे?

पुरे झाली पथ्ये. वन्सं, एक फोन करायला काय झाले होते? सायकलला घंटी राहिली होती, दीडशे रुपयांची. मीच सांगितले असते की तेवढी आणा, आणि पोरगा ती गल्लीभर वाजवत आत्याने दिली म्हणून सांगत फिरला असता. तुम्हाला भाच्याचे कौतुक आहे, हे मी नाकारत नाही. पण सख्ख्या भावाला त्याच्याच घरात, त्याच्याच मुलासमोर खाली बघायला लावलेत, हे तुमच्या ध्यानातही आले नाही, ह्याचा मला राग आहे. वैशाखात तुमच्याकडे मुंज आहे. सोन्याने २०२५ मध्ये तोळ्याला १ लाखाचा टप्पा ओलांडला, त्यामुळे ग्रॅमभराची अंगठीसुद्धा आम्हाला झेपणारी नाही. आम्ही ५०१ रुपयेच घालणार आहोत, आणि "अहो, कशाला एवढे," असे म्हणत तुम्ही ते पाकीट चाचपून पाहायचे नाही.