आधी जागा, मग हप्ता

घाटंजीकडच्या आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर पावसाळ्यात एकच वाद पेटतो. एकजण म्हणतो, फुकटच्या घरकुलांनी लोक आळशी झाले. दुसरा विचारतो, प्रधानमंत्री आवास योजनेच्या १ लाख २० हजारांत आज स्लॅब तरी पडतो का? दुसऱ्याचं बरोबर आहे. रेती-लोखंडाच्या भावापायी कितीतरी घरकुलं जोत्यावरच अडलीत. पण इथे फिनलंडमध्ये बसून वाचताना वाटतं, दोघंही भांडतात ते ज्याच्याकडे निदान जागा आहे त्याच्यावरून.

घरकुलाच्या यादीत नाव आलं तरी जागेचा कागद दाखवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, कुडाच्या भिंती अन् टिनाखाली दोन पिढ्या काढलेल्याने तो आणायचा कुठून? मागे गावी आलो तेव्हा पारधी बेड्यावरच्या (वस्तीवरच्या) एका काकांनी पिशवीत गुंडाळलेले कागद काढून दाखवले. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, सगळं होतं. "जागाच नाही त् घरकुल का डोक्यावर बांधू, भाऊ?"

जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात, खरं आहे. पण बेड्यावरच्या माणसाला गावठाणालगत पाचशे फूट विकतो कोण? (ग्रुपवरच्या कोणी हात वर केला तर आनंदच.) चराईची जमीन असेल तर गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आडवा येतो, कागदावर झुडपी जंगल अशी नोंद असेल तर वनखातं.

फिनलंडने २००८ पासून बेघरांसाठी क्रमच बदलला. आधी भाडेकरार करून घर, दारू सोडणं न् कामधंदा नंतर. फुकट नाही, भाडं भरावं लागतं. ऐपत नसेल त्याला सरकार भत्ता देतं. नाइलाजाने नातेवाइकाकडे राहणाऱ्यालाही इथे बेघरांत मोजतात. आपल्या जनगणनेत बेघर म्हणजे उघड्यावर राहणारा. भावाच्या ओसरीत साडीचा पडदा लावून संसार करणारं जोडपं त्या आकड्यात नाही.

इथेही सगळं आलबेल नाही. २०२४ मध्ये घरभाड्याच्या भत्त्याला कात्री लागली आणि त्याच वर्षी बेघरांचा आकडा कित्येक वर्षांनी वर गेला. शिवाय हेलसिंकीची बहुतेक जमीन महापालिकेचीच, म्हणून घरं बांधणं जमलं. आपल्या ग्रामपंचायतीच्या हातात तेवढी जमीन नाही, पण गावठाण विस्ताराची मागणी करता येते. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घरकुलाच्या हप्त्यांच्या विषयाआधी तो ठराव घ्या, आणि त्यात बेड्यावरच्या कुटुंबांची नावं नावानिशी लिहा.