पुण्यात बनलेला बिबट्या

बिबट्यांवरचा एक अख्खा अ‍ॅनिमेशनपट पुण्यात बनला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुण्यातच तो कुणाला आठवत नाही. 'दिल्ली सफारी', २०१२ सालचा. दिग्दर्शक निखिल अडवाणी, स्टुडिओ क्रेयॉन पिक्चर्स, म्हणजे इथलाच. परवा भाची घरी होती. बहिणीचा हुकूम होता की कार्टूनच दाखवणार असशील तर निदान आपल्याकडच्या जनावरांचं दाखव. म्हणून पुन्हा पाहिला, आणि पहिल्यापेक्षा जास्त आवडला, जास्त चिडचिडही झाली.

गोष्ट थोडक्यात. मुंबईतलं जंगल साफ करायला बिल्डरची यंत्रं येतात. त्यात सुलतान नावाचा बिबट्या मारला जातो. (आवाज सुनील शेट्टीचा, त्याला सिनेमा फार वेळ ठेवत नाही.) मग त्याचं पिल्लू युवी, आई बेगम, बजरंगी माकड आणि बग्गा अस्वल दिल्लीला निघतात. संसदेला विचारायचं, आमचं घर का पाडताय? अडचण अशी की माणसांना जनावरांचं बोलणं कळत नाही. त्यामुळे माणसांसारखं बोलणारा अ‍ॅलेक्स नावाचा पोपट बरोबर घेतात. घेतात कसला, उचलून आणतात. तो एका सिनेदिग्दर्शकाच्या घरी लाडात वाढलेला, जंगलाशी त्याला काडीचं देणंघेणं नाही.

ही कल्पना मला फार आवडते. बोलक्या प्राण्यांच्या बहुतेक गोष्टींत प्राणी बोलतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. आपली भोपळ्यातली म्हातारी वाघाला खुशाल थापा मारते आणि वाघाला अक्षर न् अक्षर समजतं. इथे मात्र बोलता येण्यालाच किंमत आहे. सगळ्यांत ज्या एकट्याला बोलता येतं, त्यालाच बोलायचं नाहीये. आयती मिरची आणि पेरू सोडून दुसऱ्याचं गाऱ्हाणं मांडायला तो कशाला जाईल? अक्षय खन्नाने तो नखरेल कंटाळा आवाजात छान पकडलाय. एवढ्या एका पेचावर पूर्ण सिनेमा उभा राहिला असता.

दुसरी जमेची बाजू म्हणजे गोविंदा. 'माणसांशी बोलणी कसली करता, तुटून पडा' म्हणणारा बजरंगी त्याने असा काही रंगवलाय की पडद्यावर माकड असताना मला गोविंदाच्या भुवया दिसत होत्या. समोर बोमन इराणीचं समजूतदार अस्वल. या दोघांची जुंपते तेव्हा एखाद्या गावच्या ग्रामसभेत बसल्यासारखं वाटतं. सिनेमा तेवढा वेळ खरोखर जिवंत होतो. त्या मानाने उर्मिला मातोंडकरच्या बेगमला फक्त काळजी करायचं काम दिलंय. नवरा गेलाय तिचा, जरा चिडू द्या की बाईला!

बाकी मधल्या प्रवासात वाटेतले प्राणी आपापला विनोदाचा कार्यक्रम करून निघून जातात. फिल्मी टोमणे तर इतके, की ते भाचीला कळेनात आणि मला हसू येईना. शंकर-एहसान-लॉयची गाणी ऐकताना बरी आहेत, संपली की एकही ओठांवर राहत नाही. अ‍ॅनिमेशनला मात्र मी फार नावं ठेवणार नाही. अंगावरची लव, पाणी, गर्दी या गोष्टी पैसा आणि वेळ खातात, आणि आपल्याकडे दोन्हींची बोंब. प्राणी चालताना अंगाचं वजन जाणवत नाही, एवढं खटकलं.

माझं खरं भांडण शेवटाशी आहे. (पाहायचा असेल तर हा परिच्छेद सोडा.) पोपट अखेर बोलतो आणि माणसांची मनं वळतात. म्हणजे आजवर आपल्याला जनावरांची भाषा कळत नव्हती म्हणून जंगलं तुटत होती? २०१९च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठी रातोरात २०००हून जास्त झाडं पाडली, तेव्हा विरोध करणारे माणसांच्याच भाषेत बोलत होते, रस्त्यावरही आणि कोर्टातही. आमच्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवरून काढायच्या रस्त्याबद्दल किती वर्षं वाद चाललाय, तोही शुद्ध पुणेरी मराठीत. कुणाला काय कळायचं बाकी आहे? ऐकणाऱ्याला सगळं समजलंय आणि तरी त्याला ऐकायचं नाहीये, त्याचं पोपटाने काय करावं? सिनेमा नेमका इथपर्यंत येतो आणि टाळ्या घेऊन मोकळा होतो.

आणि खलनायक म्हणून एकटा बिल्डर पुरत नाही हो. पुणे जिल्ह्यातलंच बघा. जुन्नरकडे धरणं झाली, पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्या त्या उसात राहायला आला. तिथेच वितो, तिथेच पिल्लं वाढवतो. त्यांना 'जंगलात परत जा' म्हणायचं तर कुठल्या? ऊसतोडीच्या वेळी सरीत पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं ती खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन उचलून नेईपर्यंत लांबून लक्ष ठेवतात. त्याच जुन्नर-शिरूर पट्ट्यात बिबट्याने लहान लेकरं मारली आहेत, हेही तितकंच खरं. ज्या घरातलं मूल गेलं तिथे युवीचे पाणावलेले डोळे कोण दाखवणार? त्या गावात प्रत्येक जण थोडा बजरंगी झालाय आणि त्यांना मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून चूक म्हणणार नाही.

तरी मुलांना दाखवाच. अगदी लहानांना नको, सुरुवातीचा मृत्यू जड जातो. आणि कुणी दुसरा भाग काढायचं मनावर घेतलंच, तर पहिला प्रसंग जुन्नरकडच्या ओतूरच्या उसात घ्या आणि पोपटाच्या जागी दुभाषी म्हणून तोडीवरची एखादी पोर घ्या.